उतार जातो कुठे?

आमच्या घरातून महामार्ग दिसत नाही, मध्ये दोन इमारती आहेत. पण तो ऐकू येतो. पुण्याच्या दक्षिण टोकाला, नऱ्ह्यात राहायला आले तेव्हा सुरुवातीला झोपच लागत नसे. मग कान सरावले, आणि सरावल्यावर त्यांना फरकही कळायला लागला. लोड गाडी गिअरमध्ये उतरत असेल तर इंजिन घुमतं, कण्हतं, मध्येच एअर ब्रेकची हवा फुस्सकन सुटते. काही गाड्या मात्र नुसत्याच येतात. इंजिनचा आवाज नाही, फक्त टायरची घरघर आणि मागच्या फाळक्याच्या साखळ्यांचा खळखळाट. रात्री दोन-अडीचला असा आवाज गेला की मी नकळत पुढच्या आवाजाची वाट बघत पडून राहते. बहुतेक वेळा काही होत नाही. गाडी नवले पुलावरून वारज्याकडे निघून जाते.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साताऱ्याकडून पुण्याला येताना खेड शिवापूरचा टोलनाका लागतो, मग शिंदेवाडी, मग कात्रजचा डोंगर. पूर्वी हा डोंगर घाट चढून ओलांडायचे. आता नव्या जुळ्या बोगद्यातून मिनिटा-दोन मिनिटांत पलीकडे निघता येतं. बोगद्याबाहेर पडलं की उतार सुरू. जांभुळवाडीचा दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, नऱ्ह्याचा सेल्फी पॉइंट, भूमकर चौक आणि नवले पूल, असं सात-आठ किलोमीटर खाली खाली. रस्ता रुंद आणि गुळगुळीत, वळणं इतकी सौम्य की स्टिअरिंगवरच्या हाताला जाणवतही नाहीत. घाट म्हणावं असं त्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यामुळे आपण डोंगरावरून उतरतोय हेच लोकांच्या लक्षात राहत नाही.

माझं आजोळ वाईचं. लहानपणी वाईला जायचं म्हणजे दोन घाट पोटात घालायचे, आधी कात्रज, मग खंबाटकी. आई निघायच्या आधीच लिंबू, आवळा सुपारी आणि जुनी वर्तमानपत्रं काढून ठेवायची. कात्रजच्या जुन्या घाटात एस.टी. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढायची. माथ्यावरचा तो छोटा, ओलसर, काळोखा बोगदा आला की ड्रायव्हर हॉर्न देत आत शिरायचा आणि आम्ही पोरं ओरडून घ्यायचो. परत येताना रात्र झाली असेल तर बोगद्याबाहेर पुण्याचे दिवे दिसायचे, आणि इथून पुढे ड्रायव्हरचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून फारसा हलत नसे. दर वळणाला गाडी जवळजवळ थांबायची. समोरून ट्रक येत असेल तर खरोखरच थांबायची.

त्या घाटाबद्दल गळे काढणारी मी नाही. एक ट्रक वळणावर अडकला की दोन्ही बाजूंना मैलभर रांग लागायची. समोरासमोरच्या धडका व्हायच्या, पावसाळ्यात दगड यायचे. वाईहून ससूनला निघालेला पेशंट कात्रजच्या रांगेत अडकला की बरोबरच्या माणसांच्या जिवाचं काय होत असेल, ते तिथल्या घराघरात ऐकायला मिळतं. नवा बोगदा झाला, रस्ता सहा पदरी होत गेला, तेव्हा आमच्या घरात खरोखर पेढे वाटले होते. आजही मला कोणी विचारलं, जुना घाट हवा का, तर मी नकोच म्हणेन.

पण जुना घाट एक काम गुपचूप करत होता. त्याची वळणं गाडी हळू करायला लावत होती. तिसऱ्या गिअरवर वळण घेता येत नाही म्हटल्यावर दुसरा टाकावाच लागतो. ड्रायव्हर शहाणा असो, झोपाळलेला असो, प्यायलेला असो, डिझेल वाचवायच्या नादात असो, दर दोनशे पावलांवर रस्ता त्याला हटकत होता. नव्या रस्त्यावरून वळणं गेली आणि त्यांच्याबरोबर हे हटकणंही गेलं. उतार मात्र होता तिथेच राहिला. डोंगराच्या पलीकडून इकडे यायचं म्हणजे तेवढी उंची उतरायचीच आहे, रस्ता वाकडा असो की सरळ.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावरून आलेल्या एका ट्रकने नवले पुलापाशी अठ्ठेचाळीस गाड्या चिरडल्या. फोटोत रस्ताभर नुसते पत्रे दिसत होते. त्यानंतर रंबलर, म्हणजे गाडी धडधडवणारे रस्त्यावरचे आडवे पट्टे आले, वेगमर्यादेचे फलक आले, स्पीडगन आल्या, मंत्र्यांच्या पाहण्या झाल्या. तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२५ ला, पुन्हा तिथेच, पुन्हा उतारावरून आलेला कंटेनर. या वेळी एक मोटार दोन अवजड गाड्यांच्या मध्ये सापडली आणि आग लागली. माणसं गेली. त्या संध्याकाळी धुराचा लोट आमच्या गच्चीवरून दिसत होता. खाली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो आपापलं माणूस घरी पोचलं का ते विचारत होता.

दर वेळी बातमी तीच असते, ब्रेक निकामी झाल्याने नियंत्रण सुटले. ब्रेक असे अचानक निकामी कसे होतात हे मला कितीतरी वर्षं समजत नव्हतं. केबल तुटते का? तेल गळतं का? उत्तर मिळालं ते शिरवळजवळच्या एका ढाब्यावर, शेजारच्या बाकावर भजी खात बसलेल्या सोलापूरकडच्या एका ड्रायव्हरकडून. पन्नाशीचा माणूस, बोलका. मी नऱ्ह्यात राहते म्हटल्यावर म्हणाला, "म्हंजे आमच्या रस्त्याच्या तोंडालाच की."

मी सरळच विचारलं, उतारावर गाडी न्यूट्रल का करतात? तो जरासा हसला. "ताई, मालक ट्रिपला डिझेल मोजून देतो. वाचलं ते आपलं. बोगद्यातनं गाडी सोडली की नवले पुलापातूर आपसूक जाती. समदेच करत्यात असं न्हाई, पर करत्यात. काहीजण तर चावीच फिरवत्यात."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक लागतोय की. पयले दोन-चार डाव चांगला लागतो. मग लायनर तापत्यात. ड्रम तापला की पाय दाबला तरी गाडी ऐकत न्हाई. वास येतो जळका. त्यो वास आला की समजायचं, आता देवाचं नाव घ्यायचं."

घरी येऊन मी हिशेब मांडला, शाळेतलं भौतिकशास्त्र थोडं आठवत होतं. चाळीस टनांची लोड गाडी फक्त १०० मीटर उंची उतरली की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साधारण १२० लिटर पाणी उकळीला येईल. थोडी ऊर्जा टायरमध्ये आणि वाऱ्यात जिरते, बाकीची कुठेतरी जायलाच हवी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन शोषून घेतं, तो कण्हण्याचा आवाज त्याचाच. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर ती सगळी चाकांतल्या ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. तापलेला ड्रम फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड जाते. किल्ली फिरवली असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद आणि स्टिअरिंगही जड. म्हणजे ब्रेक अचानक निकामी होत नाहीत. बोगद्यापासून नऱ्ह्यापर्यंत ते सावकाश, किलोमीटरमागून किलोमीटर निकामी होत आलेले असतात. कळतं ते शेवटच्या पाचशे मीटरमध्ये.

गंमत अशी की आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच उलट डिझेल लागतं. पण गिअरमध्ये गाडी हळू येते, मध्ये उतार कमी झाला की पुन्हा रेस द्यावी लागते, वेळ जातो. त्यामुळे ड्रायव्हरचा हिशेब अगदीच खोटाही नाही. शे-दोनशे रुपयांचा आहे एवढंच. ज्या माणसाला ट्रिपमागे शे-दोनशे रुपये महत्त्वाचे वाटतात, त्याच्या हातात आपण चाळीस टन दिले आहेत, आणि अपघात झाला की पहिला गुन्हा त्याच्यावर नोंदवतो. गुन्हा नोंदवू नये असं मी म्हणत नाही. पण मालकाने डिझेल कसं मोजून दिलं होतं ते कोणी विचारत नाही.

आता मामाबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्याचं दुसरं टोक त्याच्याकडे आहे.

मामा रेल्वेत गार्ड होता, राहायला कर्जतला. बोरघाट हे त्याचं आयुष्य. पुण्याहून मुंबईला रेल्वेने गेलेल्या प्रत्येकाला कर्जत आठवतं ते वड्यासाठी. पण तिथे गाडी जास्त थांबते ती वड्यासाठी नव्हे. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. चढण सर्वांत कठीण जागी ३७ फुटांना एक फूट अशी आहे. रस्त्याला हे किरकोळ, पण लोखंडावर लोखंड घसरतं तिथे भारी. चढताना बँकर ढकलतात हे बहुतेकांना माहीत असतं. उतरताना काय होतं ते कोणी विचारत नाही.

लहानपणी मामाकडे जाताना गाडी खंडाळ्यानंतर मंकी हिलला थांबायची. स्टेशन असं काही नाही, एक केबिन, माकडं आणि खाली दरी. पुन्हा थोडं पुढे नागनाथला. पुन्हा ठाकुरवाडीला. डब्यातले लोक वैतागायचे, "सिग्नल नाही वाटतं", "मालगाडी सोडत असतील पुढे". कोणी चणे काढायचं, कोणी पत्ते. मीही तेच समजत होते. एकदा मामाने सांगितलं, "अगं, सिग्नल मुद्दाम देत नाहीत. आधी थांबून दाखवायचं, मग सिग्नल पडतो."

झालं असं की ज्यांनी ही लाइन बांधली, त्यांनी सुरुवातच या समजुतीने केली की कधी ना कधी गाडीचे ब्रेक लागणार नाहीत. म्हणून उतारावर ठरावीक ठिकाणी एक जादा फाटा काढला, कॅच साइडिंग. हा फाटा खाली न जाता उलट डोंगराच्या अंगाला वर चढतो आणि तिथेच संपतो. सांधे नेहमी त्या फाट्याकडे लावून ठेवलेले. उतरणारी गाडी आली की सिग्नल लाल. ड्रायव्हरने गाडी पूर्ण थांबवली, म्हणजे ब्रेक धड आहेत हे सिद्ध झालं, तरच केबिनवाला सांधे मेनलाइनला फिरवणार आणि सिग्नल देणार. गाडी थांबलीच नाही तर ती आपोआप त्या चढणीच्या फाट्यावर जाणार आणि तिथे दमून थांबणार. डबे घसरतील, माल सांडेल, पण खाली कर्जतवर जाऊन आदळणार नाही.

"आमच्या गाडीला ब्रेक आहेत हे कोणी मानतच नसे," मामा म्हणायचा. "दर खेपेला दाखवून द्यावं लागायचं. तीस वर्षं नोकरी झाली तरी दाखवून द्यावं लागायचं." त्यात त्याला अपमान वाटत नसे. उलट अभिमानच असावा, कारण हे सांगताना तो हमखास पाठ ताठ करून बसायचा.

मामाच्या आधीच्या पिढीने तर घाटात इंग्रजांच्या वेळची ती लांबुळकी विजेची इंजिनं चालवली, ज्यांना सगळे खेकडा म्हणत. ही इंजिनं उतरताना मोटारी उलट्या कामाला लावून वीज तयार करायची आणि वरच्या तारेत परत सोडायची. म्हणजे उतरणाऱ्या गाडीचं वजन चढणाऱ्या गाडीला मदत करायचं. १९३० च्या आसपास, बरं का. आज विजेवरच्या ट्रकच्या जाहिरातीत हेच नवलाईने सांगतात.

याच बोरघाटात रस्ता रेल्वेच्याही आधीचा. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला. त्याच वर्षीचा तो पूल पुढे एका बामच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा होता ती संधी साधून तो पाडला. त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्गाचा गळा तिथे आवळला जात होता. रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये पुरं झालं. मधल्या काळात ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुढे चालवला. एकशे साठ वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कड्यावरचा एवढा मोठा ठेका एका विधवा बाईच्या नावावर होता, हे मला प्रत्येक वेळी पुन्हा वाचावंसं वाटतं. काम करणारे हजारो मजूर पटकीने आणि दरडींखाली मेले. त्यांची नावं कुठे नाहीत. एकाचं आहे असं म्हणतात, शिंग्रोबा धनगराचं. त्याने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. एकाच डोंगरात रेल्वेवाले गाडी थांबवून ब्रेक तपासत आणि रस्त्यावाले गाडी किंचित हळू करून नाणं टाकत. दोघांनाही उताराची भीती सारखीच होती. एकाने तिचा नियम केला, दुसऱ्याने नवस.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, ९४.५ किलोमीटरचा. सगळीकडे ऐसपैस, पण घाटात मात्र जुन्या महामार्गाची वाहतूक त्यातच येऊन मिसळते, आणि ज्या जागी रस्ता सगळ्यांत मोकळा हवा तिथेच सगळ्यांत जास्त गर्दी होते. चढणीला ट्रक तीनही लेनमध्ये शर्यत लावतात, उतरणीला लायनर जळतात. अडोशी बोगद्यापाशी २०१५ च्या पावसाळ्यात दरडी आल्या तेव्हापासून डोंगराला जाळ्या बांधल्या आहेत. २०१६ साली या मार्गावर १५१ माणसं मेली. मग शून्य मृत्यूचं ध्येय ठेवून एक मोहीम झाली. उघडे कठडे झाकले, कुठल्या जागी कशाने माणूस मरतो ते जागेवर जाऊन पाहिलं, रुग्णवाहिका वेळेत पोचेल अशी व्यवस्था केली. काही वर्षांत आकडा निम्म्याच्या आसपास आला. याची वाहवा कमी झाली, कारण यात फीत कापण्यासारखं काही नव्हतं.

फीत कापण्यासारखी मिसिंग लिंक. खोपोलीपासून कुसगावपर्यंत १३.३ किलोमीटरचा नवा मार्ग, घाट पूर्ण टाळणारा. दोन बोगदे, त्यातला एक जवळजवळ नऊ किलोमीटर लांब, लोणावळ्याच्या तलावाच्या खालून जाणारा. टायगर व्हॅलीत केबलवर तोललेला पूल. अंतर सहा किलोमीटरने कमी, वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी. काम २०१९ मध्ये सुरू झालं आणि पुरं होण्याच्या तारखा पुढे पुढे सरकत गेल्या. त्या दरीत काम करणाऱ्यांनी पावसाळ्यातला वारा पाहिलाय, मी त्यांना नावं ठेवणार नाही. अभियांत्रिकी म्हणून हे अफाट आहे. दरडी टळतात, वळणं टळतात, दोन वाहतुकींची कोंडी सुटते.

पण लोणावळा आणि खोपोली यांच्या उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक आहे, तो कोणीही बुजवलेला नाही. माझ्या मघाच्या पाण्याच्या हिशेबाने चाळीस टनांच्या गाडीमागे ६०० लिटर उकळतं पाणी. ते आता बरंचसं बोगद्यात उकळणार. उतार सौम्य केलाय, लांब केलाय, हे खरंच. पण सौम्य आणि लांब हेच तर आमच्या दाराशीही आहे. बोगद्यात तापलेल्या लायनरचा धूर निघाला तर काय, याची तयारी पंखे आणि कॅमेरे लावून होते. गाडी बोगद्यात शिरायच्या आधी तिचे ब्रेक कोणी तपासायचे?

माझा भाचा ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो. त्याला हे सगळं फोनवर सांगत होते, तर तो म्हणाला, "आत्या, हे तू आमच्याच गावाचं सांगतेयस." त्यांचं शहर सपाटीवर आणि पूर्वेला डोंगर. पूर्वी डोंगरावरून यायचा रस्ता वळणावळणांचा होता, त्यात 'डेव्हिल्स एल्बो' नावाचं एक बदनाम वळण. २००० साली हेसन बोगदे काढले, रस्ता सरळ केला, सगळे खूश. आणि मग ब्रेक गेलेले ट्रक थेट शहराच्या तोंडाशी, उतार संपतो त्या सिग्नलच्या चौकात यायला लागले. २०१४ मध्ये एका टँकरने तिथे दोघांचा जीव घेतला. बोगदा, सरळ रस्ता, पायथ्याशी चौक, सगळं आमच्यासारखंच.

फरक पुढे आहे. तिथे उतरणाऱ्या ट्रक आणि बससाठी ताशी ६० ची मर्यादा आहे, आणि खालच्या गिअरमध्येच उतरायचं हा नुसता सल्ला नाही, कायदा आहे. मोडला तर परवाना जातो. शिवाय उताराला डाव्या हाताला दोन ठिकाणी निसटवाटा काढल्या आहेत, सैल गोट्यांनी भरलेल्या. ब्रेक गेलेला ट्रक त्यात घातला की चाकं रुततात आणि गाडी थांबते. मी भाच्याला म्हटलं, ही कॅच साइडिंग आहे रे. त्याला शब्द माहीत नव्हता. तो कर्जतला फक्त वडा खायला उतरलेला.

१३ नोव्हेंबरच्या अपघातानंतर आमच्याकडे पुन्हा बैठका झाल्या. उतारच कमी करायचा, जांभुळवाडीपासून उन्नत रस्ता काढायचा, सेवा रस्ते पुरे करायचे, असे बेत छापून आले. सेवा रस्त्यांचं तर मला मनापासून पटतं. नऱ्ह्याहून वडगावला भाजी आणायला निघालेली स्कूटरवरची बाई आणि बंगळूरहून निघालेला कंटेनर एकाच डांबरावर का असावेत, याला काहीही उत्तर नाही. ती बाई बऱ्याचदा मीच असते. उन्नत रस्त्याबद्दल मात्र मला शंका आहे. तो होईल तेव्हा होईल, आणि झाला तरी ट्रक त्याच्यावर खाली उतरतच येणार, फक्त पोचेल दुसऱ्या कोणाच्या दाराशी.

रंबलरची गोष्ट तर घरचीच. ते टाकल्यावर सोसायटीच्या सभेत पहिला विषय त्यांचा आवाज हा होता. रात्रभर धडधड होते, वयस्कांना झोप नाही, अर्ज द्या. सही करायला कागद माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, आवाज येतोय तोवर बरं आहे, गाडी हळू झाल्याचा आहे. दोघी-तिघींना पटलं, बाकीच्यांनी सह्या केल्या. त्यांचंही अगदी चूक नाही. उताराच्या पायथ्याला, जिथे घसरत आलेल्या गाडीला मोकळी जागा हवी होती, तिथे आम्ही सगळे राहायला आलो आहोत. महामार्ग इथे शहराला वळसा घालायला काढला होता. शहरानेच त्याला गाठलं.

गेल्या पावसाळ्यात मामा राहायला आला होता. आता वय झालंय, ऐकायला कमी येतं, त्यामुळे महामार्गाचा त्याला काही त्रास नाही. मी त्याला फोनवर नकाशा मोठा करून हा सगळा उतार दाखवला. त्याने चष्मा पुसला, बराच वेळ बोट इकडून तिकडे फिरवलं आणि अगदी ड्युटीवरच्या आवाजात विचारलं, "गाडी थांबते कुठे?"

थांबत नाही, मी म्हटलं. टोलनाक्यावर पूर्वी थांबायची, आता फास्टॅगने तशीच जाते. थांबली तर लोक ओरडतात.

"मग बोगद्याच्या आधी थांबवायची. शिंदेवाडीच्या अंगाला. लोड गाडी तेवढी, मोटारी जाऊ देत. पूर्ण थांबली, खालचा गिअर टाकला, की सोडायची. दोन मिनिटं." मग त्याचं बोट बोगद्याच्या या तोंडापासून दरी पुलाकडे सरकलं. "आणि इथे साइडिंग. डाव्या हाताला डोंगर आहे ना? त्याच्यावर चढवायची."

गोटे भरतात आता, मी सांगितलं, चढ नसला तरी चालतो.

"गोटे तर गोटे. जागा आहे का?"

अजून आहे म्हटलं, थोडी. प्लॉटिंगचे फलक मात्र लागलेत.

त्याने गुंठ्याचा भाव विचारला. मी ऐकलेला सांगितला. ऐकायला कमी येतं म्हणून दोनदा सांगितला. मामा फोन खाली ठेवून म्हणाला, "रेल्वेने बरं केलं, तेव्हाच घेऊन ठेवली."